नवीन मॉडेल येतंय म्हणे! थांबायचं की घेऊन टाकायची?

आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी

सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा घरी आला, की हा प्रश्न आमच्याकडे रोज एकदा तरी येतो. "भाऊ, पुढच्या वर्षी नवी येऊन राहिली म्हणते. थांबू का?" उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही, आणि चहा येईपर्यंत दुसरी गाडी रॅम्पवर चढलेली असते. म्हणून हा कागद छापला.

आधी आमचं सांगून टाकतो. नवीन गाड्या आम्ही विकत नाही. तुमच्या जुन्या गाडीचा सौदा आमच्या मध्यस्थीने झाला तर दलाली मिळते, आणि तुम्ही थांबलात तर जुनीचं काम आमच्याकडेच येतं. म्हणजे दोन्हीकडून आमचे दोन पैसे आहेत. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी दारातली गाडी पाहा

मोबाइलवर नव्या मॉडेलचे फोटो पाहून निर्णय होत नाही, तो तुमच्या जुन्या गाडीच्या पोटाखाली जाऊन होतो. मागच्या हंगामात एक काकाजी फक्त विचारायला आले होते. त्यांची बोलेरो सहज म्हणून रॅम्पवर घेतली. मागच्या चाकाच्या कमानीत काळी माती थापून बसली होती, तीनचार पावसाळ्यांची असेल. स्क्रू ड्रायव्हरने ठोकली तर ढेपच्या ढेप खाली पडली, आत पऱ्हाटीचं वाळलेलं बोंड. त्या ढेपेमागे बॉडी जिथे चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, बसते तिथला ब्रॅकेट गंजून पापडासारखा झालेला. स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. इंजिन मात्र घड्याळासारखं चालू. काकाजींना वाटत होतं गाडीला काही झालेलं नाही. त्यांनी थांबण्यात अर्थच नव्हता.

त्याच आठवड्यात एक स्कॉर्पिओ आली. चाळीस हजार किलोमीटर जास्त चाललेली, पण चॅसी कोरडी, टर्बोत गळलेलं तेल नाही, क्लच तेवढा संपत आलेला. त्यांना आम्ही सांगितलं, क्लच टाका आणि बिनधास्त दोन वर्षं थांबा.

आमचा अंदाज असा: येत्या वर्षभरात लागणारा खर्च (टायर, क्लच, इंजेक्टर, मागचे पाटे) गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जात असेल तर थांबू नका. हा हिशोब कुठल्या पुस्तकातला नाही, आमच्या वहीतला आहे. आरसीची तारीखही पाहून घ्या. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पंधरावं वर्ष जवळ आलेली गाडी गिऱ्हाईक हातात धरत नाही. पुढचं पासिंग आणि हरित कर कोणाच्या गळ्यात, यावरच भाव पडतो.

"नवीन" म्हणजे नेमकं काय नवीन?

कंपनी ज्याला नवीन म्हणते त्याचे प्रकार आहेत, आणि एकासाठी थांबणं वेगळं, दुसऱ्यासाठी वेगळं.

बोलेरोचंच घ्या. 2000 पासून चालू असलेली गाडी. 2021 मध्ये बोलेरो निओ आली तेव्हा आपल्या इकडे कितीतरी जण म्हणाले, आता जुनी बंद होते. झाली नाही, दोन्ही विकत राहिल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये बोलेरोचा चेहरा बदलला: जाळी नवी, आत टचस्क्रीन. इंजिन मात्र तेच 1493 सीसीचं डिझेल आणि सांगाडाही तोच. अशा बदलासाठी कोणी वर्षभर थांबला असेल तर तो जाळीसाठी थांबला.

स्कॉर्पिओचं उलट. जून 2022 ची स्कॉर्पिओ एन ही खरोखर दुसरी गाडी आहे, चॅसीपासून. लांबी 4662 मिलिमीटर, रुंदी 1917. जुनी, जी आता क्लासिक म्हणून मिळते, ती 4456 आणि 1820. हे आकडे कागदावर किरकोळ दिसतात. आमच्या एका ग्राहकाने बुकिंग केल्यावर वाड्याच्या फाटकाला टेप लावला. मग एका बाजूचा खांब पाडावा लागला. टेप आधी लावा, बुकिंग नंतर करा.

कधी वाट पाहिलेली गोष्टच गायब होते. ब्रेझा 2016 मध्ये डिझेलवर आली, 2020 मध्ये डिझेल बंद झालं, आणि 2022 ची नवी ब्रेझाही पेट्रोलवरच. डिझेलसाठी थांबलेला माणूस थांबूनच राहिला. आणि थारसारखं थांबणं सगळ्यांना परवडत नाही. तीन दारांची थार 2 ऑक्टोबर 2020 ला आली, पाच दारांची रॉक्स 15 ऑगस्ट 2024 ला. मधली चार वर्षं म्हातारी आई मागच्या सीटवर कशी चढली, ते त्या घरच्यांनाच माहीत.

थांबून फायदा झालाच नाही असंही नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर 31 टक्के लागायचे ते 18 झाले. मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह 50 पर्यंत जायचे ते 40 झाले. पोळ्याआधी घाई केलेले हळहळले. पण तो करातला बदल होता, गाडीतला नाही, आणि असा योग दरवर्षी येत नाही.

थांबण्याला पैसे लागतात

थांबणं फुकट वाटतं, कारण त्याची पावती फाटत नाही. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जी घट धरतात ती पाहा: गाडी दोन वर्षांवर गेली की मूळ किमतीत 30 टक्के घट, तीनवर 40, चारवर 50. बाजारभाव याच्यापेक्षा वेगळा असतो, गावात बोलेरोला जास्तच मिळतो. तरी गाडीचा एक वाढदिवस ओलांडला की घेणारा बोट दाखवतोच.

दुसरीकडे नवीन मॉडेल थोडं महाग होऊनच येतं. त्यात आपल्याकडचा रोड टॅक्स टप्प्याने आहे. खासगी डिझेल गाडीला 10 लाखांपर्यंत 13 टक्के, 10 ते 20 लाखांत 14. पेट्रोलला 11 आणि 12. म्हणजे 9 लाख 90 हजारांची डिझेल गाडी नव्या चेहऱ्यासह 10 लाख 20 हजार झाली, तर नुसता टॅक्स 14 हजारांनी वाढतो.

जुन्या मॉडेलवर शोरूमवाले सूट देतात ती याच काळात, नवीन यायच्या तोंडावर आणि डिसेंबरात. सूट घ्या, पण गाडी कोणत्या महिन्यात बनली ते फॉर्म 21 वर पाहा. तिथे महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत कागदावर एक वर्ष जुनी होते. तुम्ही ती दहाबारा वर्षं वापरणार असाल तर याने काही बिघडत नाही. तीन वर्षांत विकणार असाल तर बिघडतं.

थांबायचं ठरलं तर एक करा: जुनीचा विमा संपू देऊ नका. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर 50 टक्के नो क्लेम बोनस (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमा हप्त्यातली सूट) जमलेला असतो. तो गाडीचा नसून तुमचा असतो, पत्र घेऊन नव्या गाडीवर नेता येतो. पण विमा संपून 90 दिवस उलटले की गेला.

पहिल्या लॉटची गाडी आणि आपलं गाव

हे आमचं ठाम मत आहे, शोरूमवाल्यांना आवडणार नाही. अगदी नवीन मॉडेल आलं की तालुक्याच्या माणसाने सहा-आठ महिने जाऊ द्यावेत. नागपूर-अमरावतीवाल्याला सर्व्हिस सेंटर दहा मिनिटांवर असतं. तुम्हाला एका सेन्सरसाठी गाडी टोचन करून न्यावी लागते, आणि नव्या मॉडेलचा पार्ट बाहेर दुकानात मिळत नाही. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीची पुढची काच फुटली तर काच बसवून भागत नाही, कॅमेरा जुळवून घ्यावा लागतो. ते काम आमच्याकडे होत नाही.

डिझेलवाल्यांनी आणखी एक पाहावं. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 डिझेल गाड्यांत बहुधा धुराची काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. ती स्वच्छ व्हायला गाडी सलग, जरा वेगात पळावी लागते. घर ते वावर चार किलोमीटर, पांदणीत पहिला-दुसरा गिअर, परत घर: एवढीच गाडी चालत असेल तर जाळी तुंबते आणि दिवा लागतो. तुमचं महिन्यातून दोनदा समृद्धीवरून जाणं होत असेल तर चिंता नाही. नसेल तर जुनं मॉडेल की नवं यापेक्षा डिझेल की पेट्रोल हा प्रश्न मोठा आहे.

बुकिंग करताना पावतीची मागची बाजू वाचा. बहुतेक ठिकाणी बुकिंगच्या दिवशीचा नाही, गाडी मिळेल त्या दिवशीचा भाव लागतो. रद्द केल्यावर किती परत आणि किती दिवसांत, हे लिहून घ्या. तोंडी नको.

थांबायचं का, हे आमच्याकडून पाहून घ्यायचं असेल तर आरसी, विम्याची प्रत आणि मागच्या कामांची बिलं सोबत आणा. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, सकाळी थंड इंजिन पहिल्यांदा आम्हाला सुरू करू द्या. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर येऊ नका, गर्दीत नीट पाहणं होत नाही. आणि एक विनंती: गाडी धुऊन आणू नका. तेल कुठून गळतं आणि माती कुठे बसते, तेच आम्हाला पाहायचं असतं.