स्वतःचं विजेट: डोजोपासून ब्राउझरपर्यंतची वाट

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीचा भाव एक नसतो. बाजारातल्या प्रकारांप्रमाणे नवतीचा वेगळा, पिलबागचा वेगळा, वापसीचा आणखी वेगळा, आणि सगळे क्विंटलमागे. हे भाव नोंदवण्यासाठी वेब पानावर खाना हवा असेल, तर तो ब्राउझरकडे तयार मिळत नाही. जगभरासाठी बनलेल्या एचटीएमएलला, म्हणजे वेब पानं लिहिण्याच्या भाषेला, पिलबाग ठाऊक असावी अशी अपेक्षाही नाही. पण मग पान लिहिणाऱ्याला आपला खाना, म्हणजेच विजेट, आपण घडवण्याची सोय तरी हवी. ती सोय थेट ब्राउझरमध्ये यायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला, आणि तोवरचा भार टूलकिटांनी, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार साधनसंचांनी, वाहिला.

१९९५ मध्ये एचटीएमएल २.० आलं. त्यात मजकुराचा खाना, पासवर्ड, चौकोनी आणि गोल खुणा, निवडीची यादी, बटण एवढीच सामग्री होती. तारीख निवडण्याचा खानासुद्धा नव्हता. तो प्रमाणित झाला एचटीएमएल ५ मध्ये, २०१४ साली, आणि डेस्कटॉपवरच्या सफारीत पोचला २०२१ मध्ये. १९९५ च्याच मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना लिहिला होता, म्हणजे हालचालीची भाषा हाताशी होती. नव्हती ती घडणीची शिस्त. दिनदर्शिका, झाड-यादी, सरकपट्टी असं जे जे हवं, ते प्रत्येक जण आपापल्या परीने जोडत राहिला. एका पानावरचा तुकडा दुसऱ्या पानावर नेला की नावं एकमेकांवर आपटायची. मायक्रोसॉफ्टचे एचटीसी घटक आणि मोझिलाचं एक्सबीएल हे ती शिस्त ब्राउझरातच आणण्याचे दोन प्रयत्न झाले, पण एकाचं काम दुसऱ्याच्या ब्राउझरात चालत नसे. पुढे दोन्ही मोडीत निघाले.

डोजो टूलकिटचं काम सुरू झालं २००४ मध्ये. अ‍ॅलेक्स रसेल, डिलन शीमन, डेव्हिड शॉन्झलर ही त्यामागची सुरुवातीची मंडळी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जीमेल आलं होतं, २००५ च्या फेब्रुवारीत गुगल मॅप्स आलं, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी, पूर्ण पान पुन्हा न उघडता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याच्या या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव दिलं. ब्राउझरमध्ये पूर्ण अ‍ॅप्लिकेशन चालू शकतं हे लोकांना दिसलं. २००६ मध्ये आयबीएमने डोजोला पाठबळ दिलं, त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत प्रणालींत ते शिरलं. २००७ मध्ये विजेटांचा भाग जवळपास नव्याने लिहून 'डिजिट' या नावाने वेगळा केला गेला, आणि त्याच वर्षी डोजो १.० आलं.

डिजिटमध्ये तयार दिनदर्शिका होती, टॅब होते, झाड-यादी होती. माझ्या मते मात्र तिची खरी देणगी वेगळी: विजेट जन्माला कसं येतं, जगतं कसं आणि जातं कसं, याचा ठरलेला क्रम. हा क्रम नीट समजून घेण्यासारखा आहे. केळी-भावाचं विजेट लिहायचं तर '_विजेटबेस' या पायाभूत वर्गाचा वारसा घ्यायचा आणि साच्यासाठी '_टेम्प्लेटेडमिक्सिन' जोडायचं. आधी कन्स्ट्रक्टर, म्हणजे विजेट उभं करणारं फंक्शन, चालतो. मग दिलेले गुणधर्म मिसळले जातात आणि 'पोस्टमिक्सइनप्रॉपर्टीज'ची पाळी येते. साचा भरण्याआधी काही बदलायचं असेल तर ते इथे. 'बिल्डरेंडरिंग'मध्ये साच्यातून प्रत्यक्ष घटक तयार होतात. 'पोस्टक्रिएट'मध्ये घटक हाताशी असतात, पण ते पानावर चिकटलेले असतीलच असं नाही. म्हणून खान्याची रुंदी मोजणं, आतल्या विजेटांशी बोलणं असली कामं 'स्टार्टअप'साठी राखायची. पोस्टक्रिएटमध्ये रुंदी मोजून शून्य हाती येणं ही नवशिक्यांची नेहमीची अडचण, आणि तिचं उत्तर या क्रमातच आहे. शेवटी 'डिस्ट्रॉय'. नुसता घटक पानावरून उपटला, तर विजेटची नोंद आणि त्याचे कान (क्लिकसारख्या घटना ऐकणारे लिसनर) मागे उरतात आणि स्मृती खात बसतात.

साच्यातली सोयही सुंदर होती. एचटीएमएलच्या तुकड्यात एखाद्या घटकावर 'अटॅच-पॉइंट' लिहिलं, की तो घटक विजेटच्या हाती त्या नावाने येई. त्यामुळे आयडी देऊन पानभर शोधाशोध करावी लागत नसे, आणि एकाच पानावर नवती, पिलबाग, वापसी असे तीन खाने सुखाने नांदत.

दोन गोष्टींचं श्रेय डोजोला पुरेसं मिळालं नाही असं मला वाटतं. पहिली म्हणजे कीबोर्डवरून चालणं आणि पडदा-वाचकाशी (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरशी) बोलणं हे डिजिटच्या विजेटांत मुळातच होतं. दुसरी भाषांची. लेबलं वेगळ्या फायलींत, भाषेच्या संकेतानुसार ठेवायची रचना होती. मराठीसाठी 'एमआर' नावाचं फोल्डर ठेवलं की काम भागे. अहिराणीलाही आयएसओचा 'एएचआर' हा स्वतंत्र संकेत आहे, आणि तसं फोल्डर ठेवायला टूलकिटची काही हरकत नव्हती. धुळे-नंदुरबारकडच्या माणसाला आपल्या बोलीत लेबल दिसणं ही क्षुल्लक बाब नाही.

जेक्वेरी ही दुसरी जावास्क्रिप्ट लायब्ररी २००६ मध्ये आली आणि शिकायला सोपी असल्यामुळे घरोघरी पोचली. वायूआय, एक्स्टजेएस, जेक्वेरी यूआय असे इतर टूलकिटही होते. २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट खुली झाली आणि बहुतेकांचं लक्ष तिकडे वळलं.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०११ चा टप्पा. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्रंटिअर्स परिषदेत 'वेब कंपोनंट्स'ची कल्पना मांडणारे होते तेच अ‍ॅलेक्स रसेल, तोवर गुगलमध्ये गेलेले. टूलकिट लिहिताना जे बाहेरून करावं लागलं, ते ब्राउझरच्या पोटात असावं हा त्यांचा आग्रह. पहिली आवृत्ती सर्वमान्य झाली नाही. दुसरी २०१६ मध्ये क्रोममध्ये, २०१७ मध्ये सफारीत, २०१८ मध्ये फायरफॉक्समध्ये आली. आता 'keli-bhav' असा, रोमन लिपीतला आणि संयोगचिन्ह असलेला, स्वतःचा टॅग कोणत्याही टूलकिटशिवाय नोंदवता येतो. 'शॅडो डॉम'मुळे आतली शैली बाहेर सांडत नाही. आकड्यांसाठी ब्राउझरातलीच 'इंटल' ही सोय आहे: मराठीचा संकेत दिला की १,२३,४५६ असं देवनागरीत, लाखाच्या स्वल्पविरामासह लिहून मिळतं.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलांपुढे आजही एखादी जुनी डोजो प्रणाली येऊ शकते. तिथलं विजेट नव्या टॅगमध्ये हलवताना साचा आणि गुणधर्म बहुतांशी जसेच्या तसे जातात. 'स्टार्टअप'ची जागा साधारणपणे, घटक पानाला जोडला की चालणारं 'कनेक्टेडकॉलबॅक' घेतं. 'डिस्ट्रॉय' मात्र, घटक पानावरून निघाला की चालणाऱ्या 'डिसकनेक्टेडकॉलबॅक'शी सरळ जुळत नाही. घटक पानावर एका जागेवरून दुसरीकडे सरकवला तरी ब्राउझर सहसा डिसकनेक्टेड आणि पुन्हा कनेक्टेड अशा दोन्ही हाका मारतो, त्यामुळे कायमची आवरासावर तिथे केली तर जिवंत विजेट मुकं होतं. काढलेले कान कनेक्टेडमध्ये पुन्हा लावावे लागतात. आणि तो भाव फॉर्मबरोबर सर्व्हरकडे जायला हवा असेल, तर ब्राउझरची 'एलिमेंटइंटर्नल्स' ही सोय वापरावी. क्रोममध्ये ती २०१९ पासून आहे, सफारीत २०२३ पासून.