तोच ठोका पुन्हा पुन्हा: नोटेशन सॉफ्टवेअरमधला ड्रम खोटा का वाटतो?

परवा नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे स्वरलिपी लिहून ती वाजवून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, स्नेअर ड्रमचे चार बार (प्रत्येकी चार बीट्स) लिहिले. टेम्पो १२०, म्हणजे मिनिटाला १२० बीट्स, दर बीटला चार नोट्स, जोर सगळीकडे सारखा. प्लेचं बटण दाबलं आणि मशिनगन सुरू झाली. त्यातली एकच नोट वेगळी काढून ऐकली, तर ती अगदी खऱ्या स्नेअरची वाटत होती. वाटणारच, कारण ते खऱ्या स्नेअरचंच ध्वनिमुद्रण होतं. एक ठोका खरा, पण तसेच चौसष्ट ओळीने आले की खोटे!

यावर नेहमी एक उत्तर ऐकायला मिळतं: यंत्राला आत्मा नसतो. हे उत्तर मला अजिबात पटत नाही, कारण ते दिलं की पुढे काही शोधायला उरत नाही. इथे तर कारण मोजून दाखवता येतं.

स्नेअरच्या खालच्या पडद्याला धातूच्या पीळदार तारा ताणून लावलेल्या असतात. वरच्या पडद्यावर काठी पडली की आतली हवा दाबली जाते, खालचा पडदा हलतो, तारा उडतात आणि पुन्हा त्यावर आपटतात. यातून येणारा ‘छर्र’ आवाज म्हणजे जवळजवळ निव्वळ नॉइज, म्हणजे ठरावीक सूर नसलेली, वेडीवाकडी कंपनं. वादकाने कितीही मोजून-मापून मारलं तरी दोन ठोक्यांतला हा नॉइज कधीच तंतोतंत सारखा नसतो. सॉफ्टवेअर मात्र एकच ध्वनिमुद्रण, म्हणजे सॅम्पल, पुन्हा पुन्हा वाजवतं. त्यातला नॉइज गोठलेला असतो.

आणि गोठलेला नॉइज आपला कान फार लवकर पकडतो. न्यूमन गटमन आणि बेला युलेस या दोन संशोधकांनी १९६३ मध्ये हे दाखवलं. त्यांनी नॉइजचा एक तुकडा घेऊन तोच एकापुढे एक सलग जोडून लोकांना ऐकवला. मध्ये शांतता नाही, ठोका नाही, आवाज कमी-जास्त होणं नाही. तरीही तुकडा सेकंदाला एक ते चार वेळा फिरला की श्रोत्यांना लाटेसारखं ‘हुश्श... हुश्श’ ऐकू आलं, आणि साधारण चार ते एकोणीस वेळा फिरला की मोटरबोटीच्या इंजिनासारखी फटफट. ही फटफट केवळ पुनरावृत्तीची! आता माझ्या चार बारांकडे बघा. टेम्पो १२० म्हणजे सेकंदाला दोन बीट्स, बीटला चार नोट्स, म्हणजे सेकंदाला आठ ठोके. थेट मोटरबोटीच्या पट्ट्यात.

गणिताने बघायचं तर एका ठोक्याच्या नॉइजमध्ये सगळ्या वारंवारता सलग पसरलेल्या असतात. तोच आकार दर १२५ मिलिसेकंदांनी हुबेहूब परत आला, की फूरिये विश्लेषणात, म्हणजे आवाज त्यातल्या वारंवारतांत सुटा करून बघताना, ती सलगता मोडते. उरतात फक्त ८, १६, २४, ३२ हर्ट्झ अशा ८ च्या पटीतल्या रेषा, कंगव्याच्या दातांसारख्या. खऱ्या वादनात प्रत्येक ठोक्याचा नॉइज वेगळा असल्यामुळे या दातांमधल्या फटी भरलेल्या राहतात.

यावरचा उपाय म्हणजे ‘राउंड रॉबिन’: एकाच नोटेची अनेक सॅम्पल्स घेऊन ती आळीपाळीने वाजवणं. पण किती? दोन घेतली तर जोडी दर २५० मिलिसेकंदांनी परत येते, म्हणजे सेकंदाला चार वेळा. मोटरबोटीच्या काठावरच. चार घेतली तर सेकंदाला दोन वेळा, म्हणजे हुश्श. आठ घेतल्यावर कुठे चक्र एक सेकंदाचं होतं. त्यापेक्षा क्रम ठरावीक न ठेवता चिठ्ठी काढल्यासारखं सॅम्पल निवडायचं आणि नुकतंच वाजलेलं लगेच घ्यायचं नाही, हे मला जास्त पटतं. मग चक्रच उरत नाही.

म्हणूनच लायब्ररी (सॅम्पल्सचा संच) इतक्या गिगाबाइटची, ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झचं, असल्या जाहिरातींना भुलू नका. सॅम्पल कितीही स्वच्छ असलं तरी तेच परत वाजलं तर मशिनगन होणारच, फक्त जास्त स्वच्छ. रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा, चढवूनही काही साधत नाही, कारण सारख्या ठोक्याला सारखंच शेपूट लागतं.

नोटांचा जोर कमी-जास्त करून थोडा फरक पडतो, पण एका अटीवर. मिडीमध्ये, म्हणजे नोटा संगणकाला सांगायच्या ठरावीक पद्धतीत, जोर १ ते १२७ अशा आकड्यांत लिहितात, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. आकडा बदलल्यावर सॉफ्टवेअर तेच सॅम्पल नुसतं मोठ्याने वाजवत असेल तर नॉइज गोठलेलाच राहतो. शिवाय जोराचा ठोका म्हणजे हलक्या ठोक्याचा मोठा आवाज नव्हे. जोरात मारलं की काठी पडद्याला कमी वेळ टेकते, त्यामुळे वरच्या वारंवारता जास्त उठतात. पडदा क्षणभर जास्त ताणला जातो, म्हणून सूर किंचित वर सुरू होऊन खाली घसरतो. यासाठी हलक्या, मध्यम, जोरकस ठोक्यांची सॅम्पल्स वेगवेगळीच घ्यावी लागतात.

सगळ्यात वाईट फसतो तो रोल, म्हणजे ठोके सुटे ऐकू येऊ न देता वाजवलेली सलग घरघर. नोटेच्या दांडीवर तीन तिरक्या रेघा दिल्या की बरीच सॉफ्टवेअर्स त्या शब्दशः वाचतात: बीटला आठ नोट्स. टेम्पो १२० ला सेकंदाला सोळा ठोके पडतात, ६० ला फक्त आठ. गाणं संथ झालं की रोलही विरळ होतो! वादक असं करत नाही. तो प्रत्येक हाताने काठी पडद्यावर दाबून उसळू देतो, एका हाताच्या उसळ्या विरायच्या आत दुसऱ्या हाताच्या सुरू होतात, आणि टेम्पो कोणताही असला तरी सलग घरघर ऐकू येते. शिवाय इथे काठी आधीच थरथरणाऱ्या पडद्यावर पडते. तो त्या क्षणी वर येत असेल तर टक्कर जोरात होते, खाली जात असेल तर हलकी. टेकलेली काठी आधीचं कंपन थोडं दाबूनही टाकते. सुटे ठोके एकमेकांवर रचून यातलं काहीच मिळत नाही. म्हणून रोलसाठी अखंड वाजवलेल्या रोलचंच सॅम्पल लावायचं, आणि छापील पानावर रेघा तशाच ठेवून प्लेबॅकमध्ये त्या तीन रेघांचं वाचन बंद करायचं.