सेफ्टी लावली, म्हणजे काळजी मिटली?

"सेफ्टी लावलीय, आता गोळी सुटूच शकत नाही." सोलापूर-मोहोळकडे ज्या घरांत परवान्याचं पिस्तूल आहे, तिथे हे वाक्य सहज बोललं जातं. समज स्वाभाविक आहे, पण अर्धाच खरा.

सेफ्टी म्हणजे ट्रिगर किंवा हॅमर (गोळी उडवायला आघात करणारा भाग) अडवणारा यांत्रिक खटका. तो झिजतो, त्यात मळ बसतो, कमरेला घासून नकळत सरकतो. बहुतेक रिव्हॉल्व्हरांना तर असा खटका नसतोच.

त्याहून घातक गैरसमज मॅगझिनचा, म्हणजे गोळ्या भरायच्या सुट्या पेटीचा. ते काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, एक गोळी राहू शकते, आणि कित्येक पिस्तुलं ती मॅगझिनशिवायही झाडतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. नळी निर्धोक दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे धरून चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. क्रम उलटला, तर पुढे जाणारी स्लाइड मॅगझिनमधली नवी गोळी आत ढकलते!

काही पिस्तुलांत सेफ्टी लावली की स्लाइडच हलत नाही. म्हणजे रिकामं करताना सेफ्टी काढावीच लागते, आणि नेमक्या त्या वेळी नळी कुठे आहे नि बोट कुठे आहे, यावरच सगळं ठरतं. घरात मुलं असतील तर पिस्तूल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्यात.