लाल विटेवरचा पांढरा ठिपका

लेगोची लाल वीट दिव्याखाली धरून जरा फिरवून बघा. वीट लाल, पण तिच्या कडेवर चमकणारा ठिपका पांढरा. प्लास्टिकवर समोरून प्रकाश पडला, की त्यातला साधारण ४ टक्के वरच्यावरच परत फिरतो. त्याला विटेच्या रंगाशी देणंघेणं नसतं. दिवा ज्या रंगाचा, त्याच रंगाचा तो राहतो. उरलेला प्रकाश आत शिरतो, रंगद्रव्याच्या कणांवर आपटत फिरतो आणि लाल होऊन बाहेर पडतो. खेळण्यांवरच्या ॲनिमेशनपटांचा इतिहास या दोन प्रकाशांच्या आधारे सांगता येतो.

१९७५ साली बुई तुओंग फोंग या व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या संशोधकाने एक सुटसुटीत सूत्र प्रसिद्ध केलं. आतून विखरून येणारा रंग, त्यावर पृष्ठभागाची चमक आणि थोडा आजूबाजूचा उजेड, एवढ्याची बेरीज. त्या काळच्या कॉम्प्युटरला झेपेल इतकं हे गणित सोपं होतं. दोष एकच: सफरचंद काढा, संगमरवर काढा, माणसाचा चेहरा काढा, सगळंच प्लास्टिकचं वाटायचं. मग पात्रंच प्लास्टिकची घेतली तर? संपूर्णपणे कॉम्प्युटरवर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, १९९५ चा ‘टॉय स्टोरी’, खेळण्यांचा निघाला यात नवल नाही. पुढच्याच वर्षी व्हँकूव्हरच्या मेनफ्रेम कंपनीने ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खेळण्यांवरची मालिका टीव्हीवर आणली. टणक अंगाचे, सांध्यांत वळणारे यंत्रमानव कॉम्प्युटरच्या पथ्यावरच पडले.

खरी पंचाईत झाली ती बार्बीची. १९५९ पासून बाजारात असलेली ही बाहुली प्लास्टिकची खरी, पण रूप माणसाचं. मेनफ्रेमनेच २००१ मध्ये ‘बार्बी इन द नटक्रॅकर’ हा तिचा पहिला पूर्ण लांबीचा कॉम्प्युटर ॲनिमेशनपट केला. माणसाच्या त्वचेत प्रकाश एका जागी शिरतो आणि थोडा आतून प्रवास करून भलत्याच जागी बाहेर येतो. उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचे कान लालसर दिसतात ते यामुळेच. फोंगच्या सूत्रात ही सोय नाही. त्वचेसारख्या पदार्थांसाठी वापरता येईल असं गणित प्रसिद्ध झालं तेही २००१ मध्येच. शिवाय मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाने १९७० मध्येच बजावून ठेवलं होतं, की हुबेहूब माणसासारखी पण किंचित चुकलेली आकृती बघणाऱ्याला नकोशी वाटते. बार्बी यातून बरीचशी सुटली असावी असं मला वाटतं, कारण तिचे गाल प्लास्टिकसारखे दिसले तर तक्रार कोण करणार?

हालचालीत मात्र अशी सवलत नव्हती, त्यातून हा बॅलेचा चित्रपट. म्हणून न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या कलाकारांना नाचवून त्यांच्या हालचाली मोशन कॅप्चरने टिपल्या. नृत्यरचना पीटर मार्टिन्स यांची होती. या तंत्रात साधारणपणे अंगावर ठिकठिकाणी खुणा लावतात, सभोवतालचे अनेक कॅमेरे त्या एकाच वेळी टिपतात आणि वेगवेगळ्या कोनांवरून प्रत्येक खुणेची अवकाशातली जागा काढली जाते. त्यानंतरचं काम किचकट. नर्तिकेच्या हाडांची लांबी वेगळी, पात्राच्या पायांची वेगळी. सांध्यांचे कोन जसेच्या तसे उचलले तर पाऊल फरशीवर घसरतं किंवा फरशीत रुततं. त्यामुळे आधी पाऊल फरशीवर पक्कं करायचं आणि मग गुडघा व कंबर किती वळायला हवी याचं गणित उलटं सोडवायचं.

२०१४ चा ‘द लेगो मूव्ही’ आला तोवर कॉम्प्युटर काहीही काढू शकत होता. सिडनीच्या ॲनिमल लॉजिक स्टुडिओने ही ताकद वापरली ती वस्तू जुन्या दिसाव्यात म्हणून. विटांवर बारीक ओरखडे, धूळ, बोटांचे ठसे. बेनी या अंतराळवीराचं हेल्मेट हनुवटीपाशी तडकलेलं आहे. जुन्या लेगो संचांतली हेल्मेटं नेमकी तिथेच तुटायची. हा तपशील ज्याला सुचला त्याने ते खेळणं नक्की हाताळलेलं असणार.

बंधनंही आपणहून घातलेली. लेगोच्या माणसाला मान, दोन खांदे, दोन मनगटं आणि दोन मांड्या, एवढेच सात सांधे. गुडघा नाही, कोपर नाही. चित्रपटातही प्लास्टिक वाकवायचं नाही हा नियम होता. समुद्र, धूर, स्फोट सगळं विटांचंच. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पण पात्रांची मुद्रा बहुतेक वेळा दर दोन फ्रेमनंतर बदलते, म्हणजे सेकंदाला १२ वेळा. हाताने खेळणी सरकवत एकेक फोटो काढल्याचा अडखळता भास त्यातूनच येतो.

आता प्रश्न उरला वेगाचा. खऱ्या कॅमेऱ्याचं शटर एका फ्रेमसाठी साधारण १/४८ सेकंद उघडं राहतं आणि तेवढ्या वेळात सरकलेली वस्तू पुसट उमटते. पुसटपणा आला की विटा हरवतात. म्हणून पात्र झपाट्याने निघालं की एखाद्या फ्रेमपुरत्या त्याच्या रंगाच्या लांबट विटा मागे जोडल्या गेल्या. व्हिडिओ थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवली तर त्या सापडतात.