यंत्रांसाठी लावलेली पाटी

एआय कंपन्या आणि मजकुराचे मालक यांच्यातल्या भांडणाच्या बातम्या मी दोनेक वर्षं टिपून ठेवतो आहे. कोर्टातले दावे, परवान्यांचे करार, अडवलेले क्रॉलर, म्हणजे वेबवरची पानं आपोआप वाचत फिरणारे प्रोग्राम. यातल्या बऱ्याच बातम्यांत एका फाइलचं नाव ओझरतं येऊन जातं: रोबॉट्स डॉट टीएक्सटी (robots.txt). माझ्या मते भांडण समजून घ्यायचं तर सुरुवात तिच्यापासूनच करायला हवी.

ती कुणालाही पाहता येते. एखाद्या मोठ्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन हे नाव टाका. साधा मजकूर उघडतो. 'युजर-एजंट'पुढे क्रॉलरचं नाव. खाली 'डिसअलाऊ' आणि त्यापुढे जिथे यायचं नाही त्या भागाचा पत्ता. नावाच्या जागी तारा (*) असेल तर सूचना सगळ्यांना, पत्त्याच्या जागी नुसती तिरकी रेघ असेल तर अख्खं संकेतस्थळ बंद. कुलूप नाही, पासवर्ड नाही. नुसती पाटी.

ही पाटी लागली १९९४ मध्ये. आदल्याच वर्षी एमआयटीतल्या मॅथ्यू ग्रे यांनी वेबचा पसारा मोजायला एक प्रोग्राम सोडला होता आणि तसे आणखीही फिरू लागले होते. तेव्हाचे सर्व्हर इतके तोकडे, की भराभर पानं मागणारा एकच क्रॉलर त्यांना आडवं करायचा. मार्टाइन कोस्टर या संगणक अभियंत्याने फेब्रुवारीत तोडगा सुचवला आणि काही महिन्यांत क्रॉलर लिहिणाऱ्यांनी तो मान्यही केला. मोडला तर दंड नव्हता. माणसं मोजकी, एकमेकांना ओळखणारी. शब्द पाळला गेला.

पुढे शोधयंत्रं मोठी झाली तरी पाटीचा मान टिकला, कारण त्यात दोघांचा फायदा होता. तुम्ही आमची पानं वाचा, बदल्यात वाचक पाठवा. हा सौदा कुठेही लिहिलेला नव्हता, पण वेबवरचं कितीतरी लेखन त्याच्या भरवशावर झालं.

कुरबुरी होत्याच. २००० मध्ये ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्या ईबेने बिडर्स एज या कंपनीच्या क्रॉलरविरुद्ध अमेरिकेतल्या कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. २०१७ मध्ये वेबची जुनी पानं जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हने जाहीर केलं, की शोधयंत्रांसाठी लिहिलेल्या सूचना जतनाच्या कामाला सोयीच्या ठरतातच असं नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. कोण येतंय एवढंच ही फाइल विचारते. कशासाठी, हे विचारायची सोय तिच्यात कधी नव्हतीच.

नेमकं तेच पुढे नडलं. २००७ मध्ये स्थापन झालेली कॉमन क्रॉल ही संस्था वेबची पानं गोळा करून सर्वांना मोफत देते, पाटीचा मान राखून. तिला दार उघडं ठेवणाऱ्यांच्या मनात असलंच तर संशोधन असेल. ओपनएआय कंपनीच्या २०२० च्या जीपीटी-३ या एआय मॉडेलला शिकवलेल्या मजकुराचा मोठा हिस्सा त्याच साठ्यातून आला. ओपनएआयने आपल्या जीपीटीबॉट या क्रॉलरला अडवायचं कसं, हे सांगितलं ऑगस्ट २०२३ मध्ये. तोवर पानं वाचून झाली होती, आणि बदल्यात वाचक आले नव्हते. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्स ओपनएआयविरुद्ध कोर्टात गेलं.

दरम्यान सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे चॅटजीपीटी येण्याच्या दोनच महिने आधी, या फाइलला आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातून अधिकृत रूप मिळालं होतं. हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे, असं त्या दस्तऐवजातच स्पष्ट म्हटलं आहे.

म्हणून आता पाटीमागे भिंती उभ्या राहताहेत. जुलै २०२५ मध्ये संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने नव्या संकेतस्थळांवर एआयचे क्रॉलर मुळातच अडवायला सुरुवात केली आणि पैसे भरून आत येण्याची योजना मांडली. त्यासाठी वापरला ४०२, म्हणजे सर्व्हरने उत्तरादाखल पाठवायचा 'पैसे भरा' हा संकेत. पानांची देवाणघेवाण ठरवणाऱ्या १९९७ च्या एचटीटीपी नियमावलीत तो 'पुढील वापरासाठी राखीव' म्हणून नोंदलेला आहे. लिहिणाऱ्याला मोल मिळावं, हे मला मनापासून पटतं. काळजी आहे ती जतन करणाऱ्यांची. ऑगस्ट २०२५ मध्ये रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाने इंटरनेट आर्काइव्हलाही बहुतेक पानांवर मज्जाव केला, आणि कारण दिलं ते एआय कंपन्यांचंच: त्या या संग्रहातून मजकूर उचलतात.