ई-८५ वरची दमदार पिकअप: मैलामागे खर्च किती?

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटलं की डोळ्यासमोर येते ती मागे उघडा हौदा असलेली पिकअप: शेवरले सिल्व्हराडो किंवा फोर्ड एफ-१५०. आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा या मक्याच्या पट्ट्यात पंपावर साध्या पेट्रोलशेजारी ई-८५, म्हणजे मक्याच्या इथेनॉलचं (अल्कोहोलचं) मोठं प्रमाण असलेलं इंधन, स्वस्तात मिळतं. पण ते भरलं की ॲव्हरेज पडतं. मग परवडतं की नाही?

गाडी कोणती आणि ती काय काम करते, यावर उत्तर ठरतं. रिकामी फिरणारी, साध्या पेट्रोलवर खूश असलेली पिकअप ई-८५ वर जेमतेम बरोबरी साधते. टर्बोवाली (इंजिनात जादा हवा दाबून भरणारी), ट्रेलर ओढणारी, प्रीमियम पेट्रोल मागणारी गाडी मात्र खरोखर पैसे वाचवते. दोन्हींत इंधन एकच, फरक आहे तो इथेनॉलचे गुण इंजिन वापरतं की नाही याचा.

आधी तोट्याची बाजू पाहू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता निघते, इथेनॉलमधून २१. इथेनॉलच्या वजनातला ३५ टक्क्यांच्या आसपास भाग ऑक्सिजनचाच असतो आणि तो काही जळत नाही. म्हणूनच एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला ९ किलो पुरते. उलट बाजूने बघितलं तर तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त ओतावं लागतं.

आणि ई-८५ म्हणजे ८५ टक्के इथेनॉल असं समजू नका. अमेरिकेच्या मानकानुसार त्यात ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही चालतं. उन्हाळ्यात प्रमाण वर असतं, थंडीत खाली येतं. नेहमीच्या ई-१० पेट्रोलच्या (१० टक्के इथेनॉल) तुलनेत ८३ टक्के मिश्रणात लिटरमागे साधारण २५ टक्के ऊर्जा कमी, ५१ टक्के मिश्रणात १४ टक्के कमी. त्याच पंपावरच्या त्याच नळीतून जानेवारीत आणि जुलैत भरलेली टाकी वेगवेगळं अंतर नेते, ते यामुळे.

आता जमेची बाजू. सुई टोचण्याआधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा जो गारवा जाणवतो, तोच प्रकार इंजिनात घडतो. इथेनॉलची वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते आणि ती ते आत येणाऱ्या हवेतून ओढून घेतं. लागणारं इंधनही जास्त असल्याने, एक किलो हवेमागे हा गारवा पेट्रोलच्या जवळजवळ चौपट पडतो. गार हवा दाट असते, सिलिंडरमध्ये जास्त मावते. त्यात इथेनॉलचा ऑक्टेन आकडाही मोठा, त्यामुळे दाब वाढला तरी इंजिन ठोकत नाही.

हे ठोकणं, म्हणजे दाबाने मिश्रण आपोआप पेटून होणारं नॉकिंग, ओढकाम करणाऱ्या पिकअपचा खरा शत्रू आहे. मागे बोटीचा किंवा घोड्यांचा ट्रेलर, समोर चढ, टर्बो पूर्ण दाबात. अशा वेळी पेट्रोलवरचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो. उशिरा ठिणगी म्हणजे कमी ताकद आणि जास्त गरम धूर. मग टर्बो आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला तो गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततो, केवळ थंडाव्यासाठी. ई-८५ वर ठिणगी योग्य वेळी पडते आणि वरून ओतायची गरज बरीच कमी होते. ओढकामात ॲव्हरेजमधला फरक आकसतो तो इथे.

सपाट महामार्गावर पाय हलका ठेवून चालवताना मात्र नॉकिंगचा प्रश्न नसतोच. तिथे ऑक्टेन पडून राहतो आणि ॲव्हरेज ऊर्जेच्या प्रमाणात पडतं. तिथेही फायदा हवा असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, वाढवावं लागतं, म्हणजे पिस्टन किंवा हेड बदलायचं. काम मोठं आहे, पण बचत प्रत्येक मैलावर मिळते.

हे किती दूर नेता येतं, ते अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास दाखवलं. त्यांनी फोक्सवॅगनचं १.९ लिटरचं डिझेल इंजिन घेतलं, कॉम्प्रेशन १९.५:१ ठेवलं, स्पार्क प्लग बसवले आणि ते शुद्ध अल्कोहोलवर चालवलं. कार्यक्षमता ४० टक्क्यांवर गेली, म्हणजे डिझेलच्या पंक्तीत. पुढे कमिन्सने २.८ लिटरचं ‘इथॉस’ इंजिन खास ई-८५ साठी घडवलं: २५० हॉर्सपॉवर, ४५० पौंड-फूट टॉर्क. एवढ्या टॉर्कसाठी टर्बो नसलेलं पेट्रोलचं इंजिन दुपटीहून मोठं लागलं असतं. महाराष्ट्रानेही हे तत्त्व जवळून पाहिलं आहे. २०१४ साली नागपुरात धावलेली स्कॅनियाची इथेनॉल बस २८:१ अशा प्रचंड कॉम्प्रेशनच्या डिझेल पद्धतीच्या इंजिनावर होती. तिच्या इंधनात ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट घ्यायला मदत करणारी द्रव्यं.

पैशाचा हिशोब मैलामागे करावा. समजा साधं पेट्रोल गॅलनला ३.२० डॉलर, प्रीमियम ४ डॉलर, ई-८५ अडीच डॉलर. पेट्रोलवर गाडी गॅलनला १८ मैल देते, ई-८५ वर १३.५. साध्या पेट्रोलवर मैलाला १७.८ सेंट, ई-८५ वर १८.५, प्रीमियमवर २२.२. साध्या पेट्रोलवाल्याने ई-८५ भरून थोडं गमावलं, प्रीमियमवाल्याने मैलामागे पावणेचार सेंट वाचवले. सोपा ठोकताळा असा: एरवी जे इंधन भरता त्याच्या भावाच्या तीन-चतुर्थांशापेक्षा ई-८५ स्वस्त हवं. पंप वाकड्या वाटेवर असेल तर तेही धरा. जाऊन-येऊन १० मैलांचा फेरा म्हणजे दर भरण्यामागे जवळजवळ दोन डॉलर, आणि २६ गॅलनच्या टाकीत जिथे ४६८ मैल जात होता तिथे ३५१ मैलांवरच पुन्हा पंप गाठायचा.

गाडी घ्यायचीच असेल तर कारखान्यातूनच फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि ई-८५ दोन्हींवर चालणारी, आलेली घ्यावी. टाकीचं झाकण पिवळं असतं आणि चॅसी क्रमांकाच्या आठव्या अक्षरावरून इंजिन ओळखता येतं. २०१४ च्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटरचं व्ही-८ हे चांगलं उदाहरण: कॉम्प्रेशन ११:१, पेट्रोलवर ३५५ हॉर्सपॉवर, ई-८५ वर ३७६. साधी गाडी बदलून घेताना अमेरिकेत कायद्याकडेही पाहावं लागतं, कारण ईपीएच्या मान्यतेशिवाय इंधनप्रणालीत केलेला बदल हा छेडछाडीत मोडू शकतो.

बदल करायचाच तर सुरुवात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपासून. ४०० हॉर्सपॉवरचं, टर्बो नसलेलं व्ही-८ धरू. पेट्रोलवर हॉर्सपॉवरमागे तासाला अर्धा पौंड इंधन लागतं, ई-८५ वर ०.७ पौंड. ४०० गुणिले ०.७ म्हणजे २८० पौंड. ८ इंजेक्टरमध्ये वाटले तर प्रत्येकी ३५. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून ३५ भागिले ०.८, साधारण ४४ पौंड तासाला, म्हणजे मिनिटाला ४६० सीसी. पेट्रोलला याच गणिताने ३१ पौंडांचा पुरला असता. टर्बो असेल तर ०.७ च्या जागी ०.८५ धरावं.

पंपाचं गणितही तेच. २८० पौंड म्हणजे तासाला सुमारे १६० लिटर. पण पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा बहुधा कमी दाबावरचा असतो. इंजिनाचा दाब ५८ पीएसआय असेल तर त्या दाबावरचा आणि १३.५ व्होल्टवरचा आकडा तक्त्यात बघावा आणि वर निदान २० टक्के सैल ठेवावेत. पंप इथेनॉलला चालणारा असल्याचं लिहिलेलं हवं. नळ्या पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) अस्तराच्या घ्याव्यात. साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतात. उघडं ॲल्युमिनियम आणि जस्त गंजतं, म्हणून फ्युएल रेल, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणारी नळी, ॲनोडाइज केलेली (संरक्षक थर दिलेली) असावी.

मग सेन्सर. परतीच्या किंवा मुख्य नळीत बसणारा इथेनॉल सेन्सर संगणकाला वारंवारिता पाठवतो: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे १०० टक्के. आकड्यातून ५० वजा केले की टक्केवारी मिळाली. १२० दिसलं तर ७० टक्के. १८० च्या आसपास अडकून बसला तर इंधनात पाणी किंवा भेसळ असण्याची शक्यता आहे. सेन्सर नसताना फक्त ई-८५ साठी ट्यून करणं, म्हणजे संगणकातलं इंधनाचं आणि ठिणगीचं गणित बदलणं, धोक्याचं. अडचणीत कुठे साधं पेट्रोल भरावं लागलं तर ई-८५ साठी आधी आणलेल्या ठिणगीवर इंजिन ठोकेल आणि पिस्टन जाईल. उलट, पेट्रोलच्या ट्यूनवर ई-८५ भरलं तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. संगणक इंधन वाढवत नेतो, हद्द संपली की पी०१७१, पी०१७४ हे कोड येतात.

ट्यून करताना वाइडबँड मीटर (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) लॅम्बडावर ठेवा. लॅम्बडा १ म्हणजे कोणत्याही इंधनाचं अचूक मिश्रण, त्याहून कमी म्हणजे इंधन जास्त. मीटर पेट्रोलच्या पट्टीवर असेल तर ई-८५ चं अचूक मिश्रणही १४.७ च दाखवतो आणि ९.८ शोधणारा माणूस भलतंच इंधन ओतून बसतो. पूर्ण थ्रॉटलला ०.८२ ते ०.८५, निवांत चालीत १. टायमिंग एकेक अंशाने पुढे न्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी थोडी आधी पाडायची. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबायचं. ई-८५ वर नॉकिंगचा आवाज येत नाही म्हणून पुढे जात राहिलं तर ताकद वाढत नाही, नुसता सिलिंडरमधला दाब वाढतो. ताकद वाढवली असेल तर स्पार्क प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, लावावा.

एफ-१५० च्या ३.५ लिटर इकोबूस्टसारख्या थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनात आधी हाय-प्रेशर पंप कमी पडतो. म्हणून जुन्या गाड्यांत ट्यूनर ई-३० वर थांबतात. ऑक्टेनचा बराचसा फायदा तिथेच मिळून जातो आणि ॲव्हरेज फार पडत नाही. २६ गॅलनच्या रिकाम्या टाकीत ८३ टक्क्यांचं ई-८५ असेल तर ७.१ गॅलन, बाकी ई-१०. तेच ई-८५ प्रत्यक्षात ७० टक्क्यांचं निघालं तर मिश्रण २६ टक्क्यांवर येतं. तेव्हा ८.७ गॅलन लागतात.

टक्केवारी घरी मोजता येते. खुणा असलेल्या उंच काचनळीत १० मिली पाणी घ्या, त्यावर १०० मिली ई-८५ ओता, बूच लावून हलवा आणि पाच मिनिटं उभं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. मधली रेषा ८० वर आली तर ८० वजा १०, म्हणजे अंदाजे ७० टक्के. पाणी आणि इथेनॉल मिसळताना आकारमान थोडं आकसतं, त्यामुळे दोनेक टक्क्यांची चूक धरावी. पाण्यात रंगाचा थेंब टाकला तर रेषा स्पष्ट दिसते. हे उघड्या हवेत करायचं, आसपास ज्योत नको.

पहिल्या दोन टाक्यांनंतर इंधन फिल्टर बदला. इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला चिकटा सोडवतं आणि तो थेट फिल्टरमध्ये जातो. गाडी चढावर दम टाकते, सपाटीला नीट चालते, असं दिसलं की पहिला संशय फिल्टरवर घ्यावा.

थंडीचं दुखणं वेगळं. १२-१३ अंश सेल्सियसखाली शुद्ध इथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफ होत नाही. मिश्रणातलं पेट्रोलच पहाटे गाडी चालू करतं, आणि हिवाळ्यात पंपवाले इथेनॉल कमी करतात ते याच कारणाने. उन्हाळ्यात भरलेली टाकी तशीच ठेवून डिसेंबरात गाडी बाहेर काढली तर स्टार्टर नुसता फिरत राहतो. मिनेसोटात ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) रात्री लावून ठेवतात, त्याचा इथे मोठा उपयोग. वारंवार थंड इंजिन चालू करून दोन-दोन मैलांवर बंद केलं तर न जळलेलं इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. झाकणाच्या आतून पांढरट साय दिसली की ऑइल लगेच बदलायचं, आणि पुढे बदलाचं अंतर निम्म्यावर आणायचं.