कडू चमचा आणि गचाळ विषाणू

‘शरीराला औषधाची सवय झाली, म्हणून ते लागू पडत नाही,’ असं आपण सहज म्हणून जातो. एचआयव्हीच्या बाबतीत हे साफ चूक आहे. बदलतो तो विषाणू.

एचआयव्हीचं नक्कल करण्याचं काम भारी गचाळ. त्याचा जनुकीय मजकूर जेमतेम साडेनऊ हजार अक्षरांचा, पण तो उतरवून घेणारं विकर (एन्झाइम) झालेल्या चुका तपासतच नाही. उपचार नसतील तर रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात, एखादी मात्र पथ्यावर पडते. नेव्हिरॅपिन हे औषध त्या विकराच्या एका खोबणीत जाऊन बसतं. विकराच्या साखळीतल्या १०३ क्रमांकाच्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन आलं, की त्याची पकड सुटते. एवढा एकच बदल पुरतो!

आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून बाळंतपणात आईला आणि जन्मल्यावर बाळाला नेव्हिरॅपिनचा एकेक डोस देत, त्याने असंख्य बाळं वाचली. पण हे औषध रक्तातून फार सावकाश उतरतं, आणि अपुरं उरलेलं औषध बदललेल्या विषाणूला वाव देतं. तरीही लागण झालेल्या बाळांपैकी अनेकांच्या अंगातला विषाणू उपचार सुरू होण्याआधीच त्याला निर्ढावलेला निघाला.

मग अशा बाळांसाठी दुसरं औषध, लोपिनाविर-रिटोनाविर. त्याला चकवणं विषाणूला जड जातं, पण पातळ औषध कमालीचं कडू, वर त्यात ४२ टक्के अल्कोहोल. दोन वर्षांचं मूल ते तोंडात घेतं, क्षणभर थांबतं आणि अंगावर थुंकतं. किती पोटात गेलं, पुन्हा द्यायचं का, हे चमचा धरून बसलेल्या आजीला कसं कळावं? रक्तात औषध अजिबात नसेल तर बदललेल्या विषाणूला त्याचा काहीच फायदा नाही. औषध आहे पण अपुरं आहे, तेव्हाच त्याचं फावतं. मुलाचं वजन वाढलं आणि डोस जुनाच राहिला, तरी तेच.

म्हणून व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलिटर रक्तातल्या विषाणूच्या प्रतींची संख्या, १,००० च्या वर गेला तरी सहसा लगेच औषध बदलत नाहीत. आधी डोस चुकतात का ते बघतात, तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासतात. मुलांना चालणारी औषधं मुळात मोजकी, त्यातलं एक उगाच कशाला घालवा?

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑडिसी या एचआयव्हीग्रस्त मुलांवरच्या औषध-चाचणीत डोल्युटेग्राविर हे नवं औषध घेणाऱ्या मुलांपैकी १४ टक्क्यांचा उपचार ९६ आठवड्यांत फसला, इतर औषधांवरच्या मुलांपैकी २२ टक्क्यांचा. याला निर्ढावणं विषाणूला बरंच अवघड जातं. शिवाय लहानग्यांसाठीची त्याची गोळी पाण्यात विरघळते आणि स्ट्रॉबेरीच्या चवीची असते.